हिवाळी पाहुण्यांचा नोंदकार : सलीम अली

दिवाळी सरली, की मराठवाड्याच्या शिवारांत ज्वारीची ताटे वाऱ्यावर डोलू लागतात. पुढे कणसांत दाणा भरतो आणि आकाशात भोरड्यांचे थवेच्या थवे दिसू लागतात. काळे डोके, काळे पंख आणि गुलाबी अंग असलेली ही पाखरे एखाद्या ढगासारखी शेतावर उतरतात. माळ्यावरचा राखणदार आरोळी ठोकून गोफण फिरवतो, आणि तो ढग क्षणात शेजारच्या शेताकडे वळतो. ह्याच दिवसांत परभणी जिल्ह्यातील येलदरीच्या जलाशयावर रानबदके येऊन उतरतात. तिकडे दूर मुंबईच्या खाडीत भरतीचे पाणी ओसरले, की उघड्या पडलेल्या चिखलावर लांब पायांचे व लांब चोचींचे शेकडो पक्षी किडे टिपताना दिसतात. उन्हाळा वाढू लागला, की ह्यांतील बहुतेक मंडळी निघून जातात.

हे पाहुणे येतात कोठून आणि जातात कोठे? दरवर्षी तेच येतात की दुसरे? त्यांतला कोणता पक्षी नेहमीचा आणि कोणता दुर्मिळ? आपल्या वाडवडिलांनी शतकानुशतके ही पाखरे पाहिली, त्यांना गोड नावे दिली, त्यांच्यावर गाणी रचली. परंतु अमुक पक्षी अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, इतक्या संख्येने दिसला, असे लिहून ठेवण्याची चाल आपल्याकडे फारशी नव्हती. हे काम ज्यांनी जन्मभर, उन्हातान्हाची व पैशाची पर्वा न करता केले, ते थोर पक्षिशास्त्रज्ञ म्हणजे सलीम अली.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. घरात भावंडे पुष्कळ होती. सलीम त्यांत सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम ह्यांना मूल नव्हते. त्यांनी ह्या पोरक्या भाच्यांना आपल्या खेतवाडीच्या घरी नेले आणि पोटच्या मुलांप्रमाणे वाढविले. मामांना शिकारीचा नाद होता. त्या काळी शिकार हा प्रतिष्ठित छंद समजला जाई, आणि आपणही मोठे शिकारी व्हावे, असे लहानग्या सलीमला वाटे. मामांनी त्याला एक छोटी छऱ्यांची बंदूक दिली होती. ती घेऊन हा मुलगा घराच्या आसपास चिमण्या टिपत फिरे.

सलीम दहा-बारा वर्षांचा असताना एके दिवशी त्याने अशीच एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो, तो तिच्या गळ्यावर हळदीचे बोट लावावे तसा पिवळा ठिपका! रोजच्या चिमणीच्या गळ्यावर असा ठिपका त्याने कधी पाहिला नव्हता. मग ही कोणती चिमणी? त्याने मामांना विचारले. मामांनाही उत्तर ठाऊक नव्हते. परंतु त्यांनी मुलाला उडवून लावले नाही. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ह्या संस्थेचे ते सभासद होते. संस्थेचे मानद चिटणीस मिलार्ड नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते. त्यांच्या नावे चिठ्ठी देऊन मामांनी भाच्याला तिकडे पाठविले.

साहेबासमोर जाताना मुलाची छाती धडधडत होती. पण मिलार्ड ह्यांनी त्याचे प्रेमाने स्वागत केले. पक्षी पाहताच त्यांनी ओळखला. ती पीतकंठी चिमणी होती. मग त्यांनी एकामागून एक खण उघडून संस्थेचा पक्षिसंग्रह त्याला दाखविला. भुसा भरून जपून ठेवलेले देशोदेशीचे शेकडो पक्षी तेथे ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येकाच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली होती. तो पक्षी कोणी, कोठे आणि कोणत्या दिवशी मिळविला, हे तीवर लिहिलेले असे. पक्ष्यांच्या इतक्या जाती असतात, त्या ओळखता येतात आणि त्यांची अशी नोंद ठेवतात, हे त्या दिवशी मुलाला प्रथमच कळले. पुढे मिलार्ड ह्यांनी त्याला पक्ष्यांवरील पुस्तके वाचायला दिली. पक्ष्याचे कातडे टिकवून कसे ठेवावे, नोंद कशी लिहावी, हेही त्याला तेथेच शिकायला मिळाले. एका लहानशा चिमणीने एका मोठ्या आयुष्याची वाट अशी उघडून दिली.

शाळेत मात्र सलीमची गती बेताचीच होती. गणिताशी त्याचे कधी जमले नाही. त्यातच डोकेदुखीचा विकार जडला, आणि हवापालटासाठी त्याला सिंध प्रांतात नातेवाइकांकडे पाठवावे लागले. शेवटी १९१३ साली तो मॅट्रिकची परीक्षा कसाबसा उत्तीर्ण झाला. सेंट झेवियर महाविद्यालयात त्याने नाव घातले, पण पहिल्याच वर्षी अभ्यास सुटला. घरच्यांनी त्याला ब्रह्मदेशात तावॉय येथे धाडले. तेथे कुटुंबाचा खाणीचा आणि इमारती लाकडाचा व्यवसाय होता. व्यवसायात त्याचे मन किती रमले असेल, हे सांगावयास नको. तेथील घनदाट अरण्य आणि त्यातले पक्षी ह्यांत मात्र ते पुरते रमले. १९१७ साली मुंबईस परतल्यावर त्यांनी व्यापारी कायदा आणि हिशेब ह्यांचे शिक्षण घेतले, आणि सेंट झेवियरमधील फादर ब्लॅटर ह्यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्राचाही अभ्यास केला. १९१८ साली तेहमिना ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तेहमिनाबाई सुशिक्षित होत्या. त्यांचे बरेचसे शिक्षण विलायतेत झाले होते. पण शहरी सुखांपेक्षा पतीच्या आवडीला त्यांनी अधिक मान दिला.

१९२६ साली सलीम अलींना मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आज ज्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात तेथे, नोकरी मिळाली. निसर्गविभाग पाहावयास येणाऱ्या लोकांना माहिती सांगणे हे त्यांचे काम होते. परंतु जे आपण सांगतो, ते आपल्याला पुरेसे कळते का, हा प्रश्न त्यांना सतावू लागला. दोन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीस गेले. बर्लिनच्या संग्रहालयात प्रोफेसर स्ट्रेसमान हे नामांकित पक्षिशास्त्रज्ञ होते. त्यांनी ह्या पदवी नसलेल्या भारतीय तरुणाला आनंदाने आपला शिष्य करून घेतले. जर्मनीच्या उत्तरेस समुद्रात हेल्गोलँड नावाचे एक बेट आहे. तेथे स्थलांतर करणारे पक्षी अलगद पकडून, त्यांच्या पायांत धातूचे हलके कडे घालून त्यांना पुन्हा सोडून देत. ही विद्याही सलीम अली तेथे शिकले.

१९३० साली ते मोठ्या उमेदीने मुंबईस परतले, तो काय! पैशाच्या टंचाईमुळे संग्रहालयातील त्यांची जागाच रद्द झाली होती. घरी पत्नी, हाताला काम नाही, आणि जगातील एका उत्तम गुरूजवळ शिकून आलेली विद्या मोलाने विकत घेणारा देशात कोणी नाही. दुसरा एखादा माणूस अशा वेळी कारकुनी पत्करता. सलीम अली मात्र तेहमिनाबाईंसह अलिबागजवळ किहीम नावाच्या समुद्रकाठच्या खेड्यात जाऊन राहिले.

पावसाळा सुरू झाला आणि घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत वसली. गवताच्या धाग्यांनी विणलेला, वाऱ्यावर झुलणारा सुगरणीचा खोपा आपण सर्वांनीच पाहिला आहे. नर आणि मादी मिळून हा संसार थाटतात, असा लोकांचा सर्वसाधारण समज. सलीम अलींनी समजावर विसंबण्याचे नाकारले. त्यांनी झाडाजवळ शिडी उभी केली, तीवर कापडाचा आडोसा केला, आणि त्याच्या आड दिवसच्या दिवस बसून खोप्यांवर नजर ठेवली. जे दिसले, ते त्याच वेळी टिपून घेतले. तेव्हा एक नवलाची गोष्ट उघडकीस आली. खोपा विणतो तो एकटा नर. खोपा अर्धा झाला, की माद्या येतात, आत शिरून तो नीट पारखतात, आणि पसंत पडला तर एखादी त्यात राहावयास येते. मग नर तो पुरा करतो आणि मादी अंडी उबवू लागली, की तो दुसऱ्या खोप्याच्या विणकामास लागतो! हा अभ्यास १९३१ साली संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि सलीम अलींचे नाव जाणकारांच्या तोंडी झाले. नोकरी गेली नसती, तर ह्या निवांत पावसाळ्याचा लाभ त्यांना कदाचित झालाच नसता.

ह्यानंतर त्यांनी एक धाडसी बेत केला. देशातील अनेक संस्थानांतील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी कोणी केलेली नव्हती. प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च मिळाला, तर आपण हे काम विनावेतन करू, असे त्यांनी कळविले. पहिली मोठी पाहणी १९३१-३२ साली हैदराबाद संस्थानात झाली. मराठवाड्यातील परभणीसह सर्व जिल्हे त्या वेळी ह्याच संस्थानात मोडत. बैलगाडी, तंबू, कंदील आणि वही हा त्या काळच्या अशा प्रवासाचा सरंजाम. पहाटे उठून रानात जावयाचे, उन्हे चढेपर्यंत पाहावयाचे आणि परतल्यावर सर्व नीट लिहून काढावयाचे, हा नित्यक्रम. रानातल्या मुक्कामांत तेहमिनाबाईही असत. पतीचे लेखन वाचून त्याची भाषा घासूनपुसून लख्ख करण्यातही त्यांचा वाटा होता. पुढे त्रावणकोर, कोचीन आणि इतर प्रदेशांच्याही पाहण्या झाल्या.

ह्या कामात इंग्लंडमधील ह्यू व्हिसलर ह्या पक्षितज्ज्ञांची त्यांना फार मदत झाली. ही मैत्री जुळली, ती मात्र एका मतभेदातून. भृंगराज पक्ष्याच्या शेपटीतील पिसांविषयी व्हिसलर ह्यांनी लिहिलेल्या मजकुरात सलीम अलींना चूक आढळली आणि त्यांनी ती निर्भीडपणे छापून दाखवून दिली. एका अनोळखी भारतीयाने आपली चूक काढावी, ह्याचा व्हिसलर ह्यांना प्रथम राग आला. पण त्यांनी आपल्याजवळचे नमुने पुन्हा तपासले, आणि चूक आपलीच आहे असे दिसताच ती मोकळेपणाने मान्य केली. तेव्हापासून दोघे जिवलग स्नेही झाले. ज्ञानाच्या क्षेत्रात मोठा कोण आणि लहान कोण, ह्यापेक्षा खरे काय, ह्याला महत्त्व असते, हे दोघांनाही उमगले होते.

सलीम अलींचे आणखी एक काम मुंबईकरांनी विशेष आठवणीत ठेवावे असे आहे. आपले सहकारी हुमायून अब्दुलअली ह्यांच्यासह त्यांनी मुंबई आणि साष्टी येथील पक्ष्यांची तपशीलवार सूची तयार केली. साष्टी म्हणजे मुंबईच्या उत्तरेचा, आज उपनगरांनी व ठाणे शहराने भरून गेलेला भाग. ही सूची १९३६ पासून काही वर्षे क्रमाक्रमाने प्रसिद्ध होत गेली. त्या काळी उपनगरांत भातखाचरे, मिठागरे आणि ताडामाडांच्या बागा होत्या. विहार, तुळशी आणि पवई हे तलाव होते. ठाण्याची खाडी आणि माहीमचा किनारा होता. हिवाळ्यात ह्या साऱ्या प्रदेशात दूरदेशीच्या पक्ष्यांची वर्दळ सुरू होई. अंगणात शेपटी नाचविणारे धोबी, चिखलात चोच खुपसणारे तुतवार, ओहोटीच्या काठाने धावणारे चिखले, लाटांवर घिरट्या घालणारे कुरव, तलावांवर तरंगणारी थापट्या व तलवार बदके ह्या मंडळींत असत.

एखादा पक्षी दुर्मिळ आहे, हे ठरवायचे कसे? त्यासाठी नेहमीचे पक्षी कोणते, ते केव्हा येतात आणि केव्हा जातात, ह्यांचा हिशेब आधी तयार असावा लागतो. ज्याने शंभर वेळा नेहमीचा तुतवार पाहून लिहून ठेवला आहे, त्यालाच एकशे एकाव्या वेळी आलेला वेगळा पाहुणा ओळखता येतो. शिवाय दुर्मिळ पक्षी दिसावा, ही इच्छा मनात प्रबळ झाली, म्हणजे ती डोळ्यांना फसवते. तिरपे ऊन पडले, की पिसांचा रंग पालटल्यासारखा दिसतो. पिल्लाचा वेष मोठ्या पक्ष्याहून निराळा असतो. अंतर फार असले, की लहान पक्षीही मोठा भासतो. म्हणून तारीख, वेळ, ठिकाण, संख्या आणि पक्ष्याची हालचाल ह्या साऱ्या गोष्टी जागच्या जागी टिपून ठेवाव्यात, आणि जे नीट दिसले नाही ते दिसले असे कधी लिहू नये, ही पक्षिनिरीक्षकाची पहिली शिस्त होय. सलीम अली ह्या शिस्तीचे कडक पालन करीत.

१९३९ साली त्यांच्यावर मोठा आघात झाला. एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिनाबाईंना विषबाधा झाली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. एकवीस वर्षांची सोबत तुटली. सलीम अली आपली बहीण व मेव्हणे ह्यांच्याकडे वांद्र्यास राहू लागले. दुःखावर त्यांनी कामाचाच उतारा शोधला. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. रंगीत चित्रे आणि सोपी भाषा ह्यांमुळे पक्षिशास्त्राचे दार सामान्य माणसासाठी उघडले. ह्या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, आणि कित्येकांनी आपल्या अंगणातल्या पक्ष्याचे नाव प्रथम त्यातूनच शिकून घेतले. चिमणीचे नाव विचारीत संस्थेच्या दारी गेलेला मुलगा आता साऱ्या देशाला पक्ष्यांची नावे सांगू लागला होता.

स्वातंत्र्यानंतर हे पाहुणे येतात कोठून, ह्या जुन्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास त्यांना मोठ्या प्रमाणावर संधी मिळाली. पक्ष्यांबरोबर रोगजंतूंचा प्रसार होतो काय, हे जागतिक आरोग्य संघटनेला तपासावयाचे होते. तिच्या साह्याने १९५९ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली. राजस्थानातील भरतपूर, कच्छ आणि दक्षिणेकडील कोडीकराई येथे हे काम चाले. प्रत्येक कड्यावर एक क्रमांक असे, आणि पक्षी सापडल्यास मुंबईच्या संस्थेस कळवावे, अशी सूचना कोरलेली असे. मग कधी तरी दूर देशातून पत्र येई आणि भरतपुरास हिवाळा घालविणारी बदके उन्हाळ्यात सायबेरियात असतात, हे पुराव्यानिशी सिद्ध होई. मुंबईच्या उपनगरातील एका बागेत तर कडे घातलेला एक करडा धोबी लागोपाठ काही हिवाळे त्याच हिरवळीवर येऊन उतरला. मुठीत मावेल एवढे ते पाखरू! डोंगर, नद्या आणि मैदाने ओलांडून ते आपल्या ओळखीची वीतभर जागा बिनचूक शोधून काढीत होते.

कोठलाही शास्त्रज्ञ एकटा काम करीत नाही. त्याला इतरांच्या नोंदींवर विश्वास ठेवावा लागतो. तो विश्वास कोणी मोडला, तर काय होते, ह्याचा कटू अनुभव सलीम अलींच्याही वाट्याला आला, आणि त्याची हकिगत आपल्या महाराष्ट्राशी निगडित आहे.

रानपिंगळा हे मध्य भारतातील एक छोटे घुबड. १८७३ साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले. पुढे १८८० नंतरच्या काही वर्षांत खानदेशात शहादे व तळोदे भागात डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याला तो आढळला. त्यानंतर मात्र तो कोणाला दिसेना. फक्त एक नोंद नंतरची होती. रिचर्ड माइनर्त्सहागेन ह्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे रानपिंगळा मिळविल्याचे एका नमुन्यावरील चिठ्ठीत लिहिले होते. हा गृहस्थ पक्ष्यांचा मोठा जाणकार म्हणून प्रसिद्ध होता. १९३७ साली सलीम अलींनी त्याच्यासमवेत अफगाणिस्तानात पक्ष्यांची पाहणीही केली होती. साहजिकच त्याची चिठ्ठी खरी मानली गेली. सलीम अली आणि त्यांचे अमेरिकन सहकारी डिलन रिप्ले ह्यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला. पण पक्षी मिळाला नाही. तो नामशेष झाला असावा, असे पुष्कळांना वाटू लागले.

सलीम अलींच्या निधनानंतर काही वर्षांनी खरा प्रकार उघडकीस आला. माइनर्त्सहागेनने संग्रहालयांतील इतरांचे नमुने चोरून, त्यांवर खोट्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. मांडवीचा रानपिंगळाही असाच चोरीचा होता. अमेरिकेतील पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन ह्यांनी ती खोटी नोंद बाजूला सारली, आणि जुन्या खऱ्या नोंदी जेथे नेत होत्या तेथे शोध सुरू केला. १९९७ सालच्या नोव्हेंबरात, शहाद्याजवळ, रानपिंगळा जिवंत सापडला! एकशे तेरा वर्षांत त्याची एकही खरी नोंद झालेली नव्हती. डेव्हिडसनने प्रामाणिकपणे लिहिलेल्या चिठ्ठ्यांनी तो शोधून दिला, आणि एका खोट्या चिठ्ठीने भल्या भल्या शोधकांची दिशाभूल केली होती. पुढे २०१४ साली हाच रानपिंगळा ठाण्याच्या उत्तरेस तानसा अभयारण्यातही आढळला. ज्या तानसा तलावाचे पाणी मुंबई पिते, त्याच्याच काठच्या रानात हा दुर्मिळ पक्षी राहत होता.

सलीम अलींचे उत्तरायुष्य मानसन्मानांनी भरलेले होते. रिप्ले ह्यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १९६८ साली आणि शेवटचा १९७४ साली निघाला. १९५८ साली पद्मभूषण व १९७६ साली पद्मविभूषण हे किताब त्यांना मिळाले. ज्यांना महाविद्यालयाची पदवी घेता आली नव्हती, त्यांना विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टर ही पदवी दिली. १९८५ साली राज्यसभेवर त्यांची नेमणूक झाली. पुरस्कारांतून मिळालेला पैसाही त्यांनी निसर्गरक्षणासाठी वेचला. भरतपूरची पाणथळ जागा आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य वाचावे, म्हणून त्यांनी आपला शब्द खर्च केला. बंदूक घेऊन चिमण्या टिपणारा मुलगा पक्ष्यांचा कैवारी झाला. इतके होऊनही त्यांचा स्वभाव खेळकर राहिला. मोटारसायकलचे त्यांना भारी वेड. १९५० साली स्वीडनमध्ये पक्षिशास्त्रज्ञांची जागतिक परिषद भरली, तेव्हा वयाच्या चौपन्नाव्या वर्षी ते आपली मोटारसायकल घेऊन युरोपात गेले आणि तीवर बसून परिषदेस हजर झाले! २० जून १९८७ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात मुंबई फार पालटली. भातखाचरे गेली, खाडीचा काठ भरावाखाली गेला, वस्ती वाढली. पण गेल्या काही दशकांत शिवडीच्या आणि ठाणे खाडीच्या चिखलावर हजारो रोहित पक्षी येऊ लागले आहेत. भरतीच्या रेषेवर त्यांची गुलाबी रांग उभी राहिली, की शहरातील माणसे काम टाकून पाहावयास जातात. २०१५ साली ह्या खाडीचा एक भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२२ साली संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काही रोहितांच्या अंगावर उपग्रहाला संदेश पाठविणारी छोटी यंत्रे बसविली. त्यांतील हुमायून नावाचा रोहित खाडीतून उडून गुजरातेत भावनगरला जाऊन आल्याचे त्यामुळे समजले. आणखी एका रोहिताचे नाव ठेवले होते, सलीम. पूर्वी जे काम पायातले कडे आणि पोस्टाचे पत्र करी, तेच आता हे यंत्र करते. साधन बदलले, खरे पाहावे आणि खरे लिहावे, हा नियम बदललेला नाही.

महाराष्ट्रात २०२० पासून दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्ली ह्यांचा, आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिवस. थंडीची चाहूल लागून दूरचे पक्षी आपल्याकडे उतरू लागतात, ते हेच दिवस. मुलांनो, त्यांना ओळखण्यासाठी समुद्रकाठी राहावयास हवे असे नाही. गावचा तलाव, नदीची डोह, शाळेमागचे बाभूळवन ह्यांपैकी काहीही पुरे. एक वही घ्या. तारीख घाला, ठिकाण लिहा आणि जे दिसले तेवढेच टिपून ठेवा. एखाद्या पाखराचे नाव ठाऊक नसले, तर त्याचा रंग, चोच आणि पाय ह्यांचे वर्णन लिहा व नावाची जागा कोरी सोडा. कोरी जागा पुढे जाणत्याला विचारून भरता येते. खोटी नोंद मात्र शंभर वर्षे वाट चुकवीत राहते.